सूचना: फाइल आणि फोल्डरची नावं

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या शनिवारी सकाळी 11 वाजता दादरला नेहमीच्या जागी भेटून प्रकल्पातली नावं एका पद्धतीत आणायची आहेत (रविवारी मेगाब्लॉक, म्हणून शनिवार). कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाने लॅपटॉपसह यावं.

• सगळी नावं स्मॉल अक्षरांत. शब्दांमध्ये हायफन द्या, स्पेस नको.
• तारीख 2025-03-07 अशी, वर्ष आधी; यादी आपोआप क्रमाने लागते.

कॅपिटल-स्मॉलकडे खास लक्ष द्या. कॅपिटल ‘एच’ची हेडर फाइल (दुसऱ्या कोड-फाइलींत नावाने जोडली जाणारी फाइल) आणि स्मॉल ‘एच’ची, विंडोज-मॅकवर सहसा एकच धरतात, लिनक्सवर त्या वेगळ्या. म्हणून घरी चाललेला कोड लिनक्सच्या सर्व्हरवर अडतो. नाव बदलताना ‘गिट एमव्ही’च (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटची नाव बदलायची कमांड) वापरा.

शुक्रवारी रात्रीपर्यंत आपापलं काम पुश करा (सामायिक जागी चढवा), नाहीतर मर्ज करताना, म्हणजे सगळ्यांचे बदल एकत्र करताना, सगळ्यांचेच हाल होतील.