सुनावणीच्या नोटिशीची मागची बाजू कोरी का?

महोदय,

घरमालक-भाडेकरू वादांवर वृत्तपत्रांतून बरंच छापून येतं, पण बहुतेक निकाल लागल्यानंतरचं. सुनावणीला जाण्याआधी घरी बसून काय तयारी करायची, हे कुणी सांगत नाही. मी भाडेकरू म्हणून अशा सुनावणीला गेले होते, म्हणून हे लिहिते आहे.

घर सोडलं तरी अनामत मिळेना. आतल्या खोलीच्या भिंतीला ओल माझ्यामुळे आली, असं घरमालकांचं म्हणणं. माझी बाजू खरी होती आणि खरं ते कळेलच, असं धरून मी करारनामा, पावत्या, फोटो सगळं एका पिशवीत भरून नेलं. पहिलाच प्रश्न आला, "ओल असल्याचं मालकांना प्रथम कधी कळवलंत?" मला तारीख सांगता येईना. मेसेज छापून नेला होता. "काका, भिंतीला पुन्हा पाणी सुटलंय" एवढीच ओळ, वर ना तारीख ना नंबर. कपाटामागच्या डागाचा फोटो इतक्या जवळून काढलेला, की तो कुठल्या खोलीतला हेही ओळखू येत नव्हतं. पुढची तारीख मिळाली म्हणून निभावलं.

मधल्या दिवसांत मी तारीखवार हकिगत एका कागदावर उतरवली. राहायला आले, अनामत दिली, ओल दिसली, कळवलं, पुन्हा कळवलं, प्लंबर येऊन गेला, किल्ली परत केली. प्रत्येक तारखेपुढे तिच्या पुराव्याचा क्रमांक. नोटिशीतल्या एकेका आरोपासमोर माझं उत्तर. हे लिहितानाच ध्यानात आलं, की दोन महिन्यांचं भाडं रोख दिलं होतं आणि पावती घेतलीच नव्हती. पासबुकात पैसे काढल्याची नोंद होती, ती जोडली. पण त्याने पैसे काढल्याचं दिसतं, दिल्याचं नाही, हे मी विचारण्याआधीच सांगून टाकलं.

शेजारच्या ताई चिठ्ठी लिहून द्यायला तयार होत्या. पण चिठ्ठीला उलट प्रश्न विचारता येत नाहीत, म्हणून तिला फारसं वजन नसतं. मी त्यांना यायची विनंती केली. त्या आल्या आणि पाच मिनिटंच बोलल्या: दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीतून पाइप जातो, ओल त्यांच्या बाजूनेही आहे, आणि ती मी राहायला येण्याआधीपासून आहे. तिथे वाद संपला. खिळ्यांची भोकं बुजवण्याचे पैसे कापले गेले, ते योग्यच होतं. बाकी अनामत परत मिळाली.

वकील करणं सगळ्यांना जमत नाही. काही जण घाबरून सुनावणीला जातच नाहीत आणि निकाल एकतर्फी लागतो. म्हणून संबंधित यंत्रणेला माझी विनंती आहे. नोटिशीवर तारीख आणि वेळ असते, मागची बाजू कोरीच असते. तिथे साध्या भाषेत छापा: मूळ कागद आणि त्यांच्या किती प्रती आणायच्या, मेसेजवर तारीख आणि नंबर दिसायला हवा, साक्षीदाराने शक्यतो स्वतः यावं, गैरहजर राहिल्यास काय होईल, आणि दाराबाहेर तडजोड ठरली तर रक्कम व मुदत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

घरमालकांनाही याचा तेवढाच उपयोग होईल. त्या पहिल्या दिवशी बाहेरच्या बाकावर आमचे घरमालकही माझ्यासारखेच पिशवी उपसून एक पावती शोधत होते.

– एक भाडेकरू