ढोलीची झाडे राखण्यासाठी आवाहन

सर्व ग्रामस्थ आणि नोकरी-धंद्यानिमित्त बाहेरगावी राहणारे गावकरी यांना सप्रेम नमस्कार.

आपल्या शिवारातील जुन्या मोहांवर आणि सावरींवर दरवर्षी पहाडी पोपटांची वीण होते. खांद्यावरचा गडद लाल डाग आणि दणकट लाल चोच यांवरून तो नेहमीच्या राघूपासून सहज वेगळा ओळखू येतो. शेपटीसह त्याची लांबी जवळपास दोन फूट भरते. हा पक्षी काटक्यांचे घरटे बांधत नाही. आयती ढोली शोधून, नाहीतर सुतार पक्ष्याने कोरलेले भोक चोचीने रुंद करून मादी आतल्या भुशावरच दोन ते चार अंडी घालते, सुमारे २४ दिवस ती उबवते आणि त्यानंतर पिल्ले उडती होईपर्यंत आणखी सहा-सात आठवडे जातात.

नेमक्या याच दिवसांत पिल्ले चोरणारे शिवारात फिरतात. गेल्या फेब्रुवारीत तलावाच्या पाळीवरील सावरीची ढोली कुऱ्हाडीने फोडलेली आढळली. बुंध्याशी ओल्या ढलप्या पडल्या होत्या आणि जोडी समोरच्या फांदीवर दिवस मावळेपर्यंत ओरडत होती. पिल्ले गेली ती गेलीच, पण एरवी वर्षानुवर्षे वापरात राहणारी ढोलीही कायमची निकामी झाली, आणि तशी दुसरी तयार होण्याइतके झाड जुने व्हायला माणसाची पिढी उलटते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडील पोपट पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात पाळणे गुन्हा आहे, हे अनेक घरांत अजूनही ठाऊक नाही.

पोपट मका आणि पेरूची नासधूस करतात, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. म्हणूनच झाड राखण्याचा भार एकट्या शेतमालकावर टाकणे समितीला योग्य वाटत नाही. ज्यांच्या बांधावर ढोलीचे झाड आहे, त्यांनी ते लाकडासाठी न विकता उभे ठेवल्यास झाडामागे वर्षाला २,००० रुपये द्यावेत आणि डिसेंबर ते मार्च या काळात राखणदार नेमावा, असे समितीने ठरवले आहे. या दोन्ही कामांसाठी आपण यथाशक्ती देणगी द्यावी, ही कळकळीची विनंती. देणगी ग्रामपंचायत कार्यालयात स्वीकारली जाईल व तिची रीतसर पावती मिळेल. पैसे देणे शक्य नसलेल्या तरुणांनी पहाटेच्या राखणीची एखादी पाळी घेतली, तरी तेवढीच मोलाची मदत होईल. पाळ्यांसाठी नावे ३० नोव्हेंबरपर्यंत कार्यालयात नोंदवावीत.

आपली,
जैवविविधता व्यवस्थापन समिती, ग्रामपंचायत