मोर्शी रोडवरच्या टिनाच्या शेडमधल्या भाऊंना, त्या पिवळ्या लाइटबद्दल

भाऊ, नमस्कार.

तुम्ही म्हणाले होते नाव टाकू नका म्हणून, तर नाही टाकत. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण मागच्या वर्षीच ठरवलं होतं की एक पूर्ण थंडी जाऊ द्यायची आणि मगच आभार मानायचे. आता महाशिवरात्र झाली, दिवाळीपासून आजपर्यंत ती पिवळी चेक इंजिनची लाइट एकदाही लागली नाही, म्हणून आज बसलो लिहायला. आणि हे सगळ्यांसमोर लिहून राहिलो कारण आपल्या भागात डिझेल गाड्या लय आहेत आणि माझ्यासारखे फिरून फिरून पैसे घालणारे पण कमी नसतील.

आधी काय झालं ते थोडक्यात सांगतो, तुम्हाला माहीतच आहे पण बाकीच्यांसाठी. गाडी २०२१ ची, बीएस सिक्स (म्हणजे धुराच्या नव्या, कडक नियमाची) डिझेल. आमचं गाव वरुडपासून जवळच, घर ते संत्र्याची वाडी ते वरुड एवढंच रोजचं फिरणं, मधे कधी नागपूर कधी अमरावती. २०२२ च्या दिवाळीनंतर, आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड चालू होती तेव्हा, पहिल्यांदा लाइट आली. दाखवायला नेली तर म्हणे डीपीएफ चोकअप झाला, सायलेन्सरच्या लाइनमधली ती काजळी अडवायची जाळी, ती भरली. त्यांनी मशीन लावून साफ करून दिली. तीन आठवड्यांनी परत लाइट. मग प्रेशर सेन्सर बदलला, परत आली. मग ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वाल्व, खोलून साफ केला, दोन पाने भरून काजळी काढून दाखवली मला, तरी परत आली. दरवेळी स्कॅनरवर बिघाडाचा कोड एकच, पी २४६३, म्हणजे डीपीएफमध्ये काजळी साठली. असं करत करत मार्च आला आणि लाइट यायची बंदच झाली. एप्रिल, मे, जून, काहीच नाही. मला वाटलं झालं बाप्पा, ईजीआरचाच प्रॉब्लेम होता. आणि २०२३ ची दिवाळी झाली की पुन्हा तेच सुरू!

तोवर माझे ३८ हजार गेले होते. एका ठिकाणी सांगितलं पूर्ण डीपीएफ बदला, लाखाच्या वर खर्च. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले इतके पैसे कशाला, २५ हजारात आतून पोकळ करून देतो, सॉफ्टवेअर मारतो, आयुष्यात लाइट येणार नाही. खरं सांगतो भाऊ, मी तयार झालो होतो. ॲडव्हान्स द्यायचा बाकी होता फक्त.

मग तो जानेवारीचा दिवस. पोरीचं अमरावतीला प्रॅक्टिकल होतं, सकाळी साडेपाचला धुक्यात निघालो आणि मोर्शीच्या अलीकडे गाडीने दम सोडला, लाइट लागली आणि पन्नासच्या वर जायलाच तयार नाही, कितीही पाय दाबा. पोरगी रडकुंडीला आली. चहाच्या टपरीवाल्याने तुमची शेड दाखवली. आणि तुम्ही, भाऊ, गाडीचं बोनेट उघडायच्या आधी काय केलं तर पोरीला विचारलं पेपर किती वाजता आहे, आणि स्वतःच्या मोटरसायकलवर तिला स्टँडवर नेऊन अमरावतीच्या एसटीत बसवून आले. ती वेळेवर पोचली. हे एकटं असतं तरी मी तुम्हाला पत्र लिहिलं असतं.

मग आल्यावर तुम्ही स्कॅनर लावलाच नाही लगेच. मला खुर्ची दिली आणि विचारलं, "भाऊ, लाइट कोण्या महिन्यात येते?" दोन वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं दिवाळी ते होळी. तुम्ही नुसतं हं म्हटलं. मग विचारलं, "थंडीत हीटर लावता का? गरम होते का?" आता हे तर माझी बायको दोन वर्षांपासून सांगून राहिली होती की हीटरमधून नुसती कोमट हवा येते, पाय गारच राहतात, आणि मी तिला म्हणत होतो की छोटी गाडी आहे, एवढंच येणार. तिचं बरोबर होतं. मग तुम्ही म्हणाले जुने कागद आहेत का, आणि मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून सगळी बिलं, स्कॅनरचे प्रिंट काढून दिले, अगदी पहिल्या वेळचे पण. तुम्ही चष्मा लावून एक एक कागद वाचला. आणि पहिल्याच प्रिंटवर, पी २४६३ च्या खाली, पेंडिंगमध्ये (अजून पक्का न झालेला) एक कोड होता, पी ०१२८. कोणीच पाहिला नव्हता, किंवा पाहून सोडून दिला. तुम्ही पेनाने गोल केला त्याला. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

पी ०१२८ म्हणजे कूलंट, इंजिनमधून फिरणारं पाणी, जेवढं तापायला पाहिजे तेवढं तापत नाही. पण तुम्ही कोड पाहून लगेच पार्ट नाही बदलला, हे मला इथं मुद्दाम लिहायचं आहे. आधी म्हणाले सेन्सर तपासू. चावी ऑन, इंजिन बंद, तर डीपीएफचं प्रेशर शून्य दाखवलं. चालू केल्यावर थोडं, रेस केल्यावर चढलं. त्याच्या दोन्ही नळ्या हाताने चाचपून पाहिल्या, कुठं चिरली का, उंदरानं खाल्ली का. ठीक होत्या. आणि मग तुमचं ते वाक्य, "कायले सेन्सर बदलून रायले तुम्ही, ते तर पहिल्या दिवसापासून खरंच सांगून रायलं."

मग स्कॅनर लावूनच आपण अमरावतीच्या बाजूला वीस-पंचवीस किलोमीटर गेलो. माझ्या गाडीत टेम्परेचरचा काटा नाही, नुसता निळा दिवा आहे, तो विझला की आपण समजतो इंजिन गरम झालं. पण स्क्रीनवर आकडा होता ६४, आणि मोकळ्या रोडवर ऐंशीच्या स्पीडनं गेलो तर वाढायच्या जागी ५८ वर उतरला. (गाडी ऐंशीवर गेली कारण तुम्ही तेवढ्यापुरता कोड काढला होता, आणि ॲक्सिलेटर जपून दाबायला लावला होता.) तुम्ही म्हणाले, हे उलटं आहे, चांगल्या गाडीत हे ऐंशीच्या वर जाऊन तिथंच टिकलं पाहिजे.

मग तुम्ही जे समजावलं ते मला आयुष्यभर लक्षात राहील. डीपीएफमध्ये काजळी साठणारच, ते त्याचं कामच आहे. ती साठली की गाडी स्वतःच थोडं जास्त डिझेल मारून सायलेन्सरच्या आत ६०० डिग्रीच्या आसपास गरमी करते आणि काजळी जाळून टाकते, त्याला रीजन म्हणतात. पण इंजिन स्वतः नीट तापलं नसेल तर ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, रीजन सुरूच करत नाही, किंवा सुरू करून मधेच सोडते. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडाच अडकला असेल तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं आणि इंजिन कधीच तापत नाही. थंडीत बाहेर १० डिग्री, तर इंजिन साठीतच लटकतं, रीजन नाही, काजळी साठते, लाइट येते. आणि मे महिन्यात बाहेर ४५, रेडिएटरला जी हवा लागते तीच उकळलेली, मग इंजिन आपोआप तापतं, रीजन होते, लाइट गायब. "उन्हाळ्यात आपला वऱ्हाडचा सूर्यच तुमचा थर्मोस्टॅट होऊन रायला होता," असं म्हणाले तुम्ही. म्हणजे दोन वर्षे सगळे काजळी काढत होते, आणि काजळी जळत का नाही हे कोणी पाहत नव्हतं.

तरी तुम्ही म्हटलं नक्की उद्या सकाळी सांगतो, गाडी रात्रभर थंड होऊ द्या. मी एसटीनं घरी गेलो. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर गार इंजिन चालू केलं आणि माझा हात धरून रेडिएटरच्या वरच्या पाइपवर ठेवला. दोन मिनिटांत पाइप कोमट. म्हणाले, थर्मोस्टॅट बंद असता तर हा पाइप बराच वेळ गार राहिला असता. तेव्हा कुठं पाना हातात घेतला.

आणि ते पातेलं! वहिनींचं चहाचं जुनं पातेलं मागून तुम्ही स्टोव्हवर पाणी ठेवलं. काढलेला थर्मोस्टॅट उजेडात धरला तर गार असूनच फट दिसत होती, आरपार. नवीन वाला पूर्ण बंद. नवीन वाला दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला, पाण्यात थर्मामीटर, आणि ८० च्या वर गेल्यावर तो हळूहळू तोंड उघडायला लागला. आत मेण असतं म्हणाले, ते वितळून फुगतं आणि झडप ढकलते, गार झालं की स्प्रिंग मागे ओढते. बाहेर काढला, दोन मिनिटांत परत बंद. तुमचा तो शिकाऊ पोरगा आणि मी, दोघं वाकून पाहत होतो. मला हे दाखवायची तुम्हाला काही गरज नव्हती, बदलून बिल हातात दिलं असतं तरी मी घेतलंच असतं. पण तुम्ही दाखवलं, आणि त्यामुळे आज मी हे दुसऱ्याला समजावून सांगू शकतो.

ऑइलचं पण विसरणार नाही. डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्या पण वर, मला वाटलं चांगलंच आहे, भरपूर आहे. तुम्ही वास घ्यायला लावला, डिझेलचा वास. अर्धवट सुटलेल्या रीजनचं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरत होतं, आणि पातळ ऑइलवर बेअरिंग जातात. म्हणून आधी ऑइल बदललं, ते पण डीपीएफवाल्या गाडीचं कमी राखेचं, कारण काजळी जळते पण राख जळत नाही, ती जाळीतच राहते. आणि त्यानंतरच स्कॅनरवरून रीजन मारली. त्याच्याही आधी गाडी सोयाबीनच्या कुटाराच्या (भुशाच्या) ढिगापासून दूर मोकळ्या मुरमावर लावली, कारण खालून एवढी गरमी निघते की वाळलेलं कुटार पेटायला वेळ लागत नाही. हे मी आमच्या गावात सगळ्यांना सांगितलं. आम्ही तर गाड्या तुराटीच्या आणि कुटाराच्या बाजूलाच लावतो. अर्ध्या तासानं प्रेशर उतरलं, फॅन शांत झाला, आणि स्क्रीनवर कूलंट ८६.

पोकळ करून घेणार होतो हे मी तुम्हाला लाजत सांगितलं होतं. तुम्ही रागावले नाही. फक्त म्हणाले की तुम्ही म्हटलं तरी मी ते काम करत नाही. मग हिशोब सांगितला, बीएस फोरच्या डिझेल कारला किलोमीटरमागे ०.०२५ ग्रॅम धूळ-काजळी चालत होती, १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्समध्ये ती ०.००४५ वर आली, आणि ते या जाळीच्याच जोरावर. जाळी काढली तर ते सगळं मागून येणाऱ्याच्या नाकात. "सकाळी या रोडनं सायकलवर शाळेत पोरं जातात," एवढंच म्हणाले आणि हात पुसायला लागले. माझी पोरगी पण याच रोडनं, वरुडपर्यंत, पाच वर्षे सायकलवर शाळेत गेली भाऊ. मी घरी येऊन त्या २५ हजारवाल्याला फोन करून नाही म्हटलं.

बिल किती झालं तर थर्मोस्टॅट आणि कूलंटचे २,९००, ऑइल-फिल्टर वेगळं, आणि मजुरी ६००. दोन दिवसांचे ६००! मी हजार जास्त ठेवत होतो तर तुम्ही घेतले नाही. वर सांगितलं की महिन्यातून एक-दोनदा गाडी मोकळ्या रोडवर अर्धा तास चालवा, रोज पाच किलोमीटरच्या फिरण्यात काजळी जळत नाही, आणि रेस जास्त वाटली, फॅन जोरात फिरताना दिसला तर लगेच बंद करू नका, रीजन पूर्ण होऊ द्या. ते पाळून राहिलो. ॲव्हरेज पण सुधारलं.

परवा महाशिवरात्रीला सगळ्यांना घेऊन सालबर्डीला जाऊन आलो, आई पण होती, याच गाडीनं, पहाटे निघालो. बायकोनं हीटर लावला आणि थोड्या वेळानं स्वतःच कमी केला, म्हणाली चटके बसून राहिले. येताना तुमच्या शेडवर थांबलो होतो पण शटर बंद होतं, तुम्ही पण यात्रेलाच गेले असाल.

मृगाची संत्री आता उतरायला आली आहेत. पुढच्या आठवड्यात एक क्रेट आणून टाकतो, वहिनींना सांगून ठेवा, आणि त्याला मजुरीसारखं नाही म्हणू नका.

तुमचा,
वरुडकडचा संत्रावाला