बाबांच्या दुर्बीण तपासणीबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आता रक्त पडत नाही, पोट दुखत नाही, मग पुन्हा दुर्बीण कशाला?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

तुम्हाला बरं वाटतंय याचा मला फार आनंद आहे. पण अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येण्याच्या तुमच्या या आजारात, त्रास थांबला म्हणजे आतड्याचं अस्तर भरून आलंच, असं नसतं. आत सूज उरलेली असू शकते, आणि ती असेल तर आजार उलटायची भीती जास्त.

तुमच्या मागच्या रिपोर्टवर 'मेयो 2' लिहिलं होतं. दुर्बिणीतून अस्तर किती सुजलेलं दिसतं ते सांगणारा हा आकडा 0 ते 3 असतो. 0 म्हणजे अस्तर शांत, त्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या स्वच्छ दिसतात. 1 ला थोडी लाली येते, रक्तवाहिन्या पुसट होतात. 2 ला त्या दिसतच नाहीत आणि अस्तर जागोजागी सोललेलं असतं. 3 म्हणजे व्रण आणि आपोआप वाहणारं रक्त. उपचारांनी ज्यांचा आकडा 0 किंवा 1 वर येतो, त्यांच्यावर पुढे स्टेरॉइड घ्यायची, आतडं काढायची वेळ कमी येते. त्यातही 0 असणाऱ्यांचा आजार 1 वाल्यांपेक्षा कमी उलटतो. म्हणूनच 2021 च्या 'स्ट्राइड-2' या आंतरराष्ट्रीय शिफारशींत अस्तर भरून येणं हेही उपचाराचं दीर्घकालीन उद्दिष्ट मानलंय.

यातून पुढचं सगळं कळतं असं नाही. 0 असूनही आजार उलटलेले लोक आहेत. पण अजून 2 च असेल, तर तुम्ही धडधाकट असतानाच औषध बदलता येईल. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

आदल्या दिवशीचं पोट साफ करायचं औषध तुम्हाला नको वाटतं, ते मला माहीत आहे. त्या दिवशी मी तिथे असेन. एरवी मधल्या काळात शौचाच्या कॅलप्रोटेक्टिन तपासणीवर (तीतून आतड्यातल्या सुजेचा अंदाज येतो) भागेल का, हे डॉक्टरांना विचारूया. तोवर गोळ्या मनाने बंद करू नका.

आई, मागचे फोटो आणि बायॉप्सीचा रिपोर्ट फाइलमध्ये वरच ठेव. नव्या तपासणीशी ताडून बघायला डॉक्टरांना ते लागतील.

तुमची लेक