आईला प्रश्न विचारलेत म्हणून: सांता फेच्या काकूंना अनावृत पत्र

ती. काकूंना सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. "पुरे गं, गॅसवर डाळ आहे," म्हणता आणि ठेवून देता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. आता फोन ठेवायची सोय नाही.

आईला घेऊन न्यू मेक्सिको राज्यातल्या तुमच्या सांता फेला फिरायला येणार होते, तेव्हा तुमचा नंबर मैत्रिणीच्या मावशीकडून मिळाला होता, तोही "काही अडलं तर" म्हणून. अडलं पहिल्याच दुपारी. मी तीन दिवसांत चौदा ठिकाणं बसवून आणली होती, तासांच्या हिशेबाने. आल्बुकर्कीहून गाडीने आलो, सामान टाकलं, प्लाझापर्यंत, म्हणजे गावच्या मुख्य चौकापर्यंत चालत गेलो आणि आई बाकावर बसली ती उठेचना. डोकं धरलेलं, धाप लागलेली. मी घाबरून तुम्हाला फोन केला. तुम्ही दहा मिनिटांत आलात, तिला पाणी पाजलंत आणि मला झापलंत: "अगं, हे गाव सात हजार फुटांवर आहे. कळसूबाई 5,400. आईला कळसूबाईच्या वर आणून पळवतेस?" मग माझा कागद मागितलात आणि त्यातली नऊ ठिकाणं खोडलीत. त्या क्षणी मला तुमचा थोडा रागच आला होता, हेही आज कबूल करून टाकते.

आई जळगाव जिल्ह्यातली, यावलजवळच्या खेड्यातली. अमेरिकेत येऊन तिला दोन महिने झाले होते आणि मॉल, पूल, उंच इमारती यांबद्दल तिचा एकच अभिप्राय होता: "छान आहे." तुम्ही तिला घरी नेऊन मागच्या अंगणात बसवलंत. तिथे तुमची ती मातीची भिंत. आईने अंगठ्याने गिलावा दाबून पाहिला आणि म्हणाली, "काड कमी पडलंय," म्हणजे मातीत मिसळायचा पेंढा. तुम्ही हसून सोडून दिलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. तुम्ही खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलात आणि विचारलंत, "तुमच्याकडे किती घालतात?"

मग आई सुटली. धाब्याचं घर, लाकडी कड्या, त्यांवर आडव्या काटक्या, वर मातीचा थर, दर वर्षी मृगाच्या आधी टाकायची खारी माती, पाणी भिंतीपासून लांब फेकणारी पन्हळ. तुम्ही एकेक गोष्ट बोटाने दाखवत गेलात: या कड्या म्हणजे इथले 'विगास', ही पन्हळ म्हणजे 'कानालेस', विटा उन्हात वाळवलेल्या, कच्च्या. गिलावा करणाऱ्या बायकांना इथे 'एन्हार्रादोरा' म्हणतात, हे सांगितलंत तेव्हा आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू तिच्या सारवणाला आज कुठे पदवी मिळाली. मला हे यातलं काहीच माहीत नव्हतं, काकू. तिचं माहेर मी पडलेल्या अवस्थेतच पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी सान मिगेल चॅपेलमध्ये तुम्ही तिला सिमेंटची गोष्ट सांगितलीत. मातीच्या भिंतीवर मजबुतीसाठी म्हणून सिमेंट चढवलं, आतली ओल आतच कोंडली, विटा भुसभुशीत व्हायला लागल्या. शेवटी ते सगळं खरवडून पुन्हा मातीचा गिलावा दिला. आई म्हणाली, "भाऊला हेच सांगत होते." मामाने गावच्या घराला सिमेंट लावलं होतं. दोन पावसाळ्यांत भिंत फुगली.

त्यात तुम्ही तिला एक खोडही लावून दिलीत. 1957च्या नियमामुळे इथल्या जुन्या भागात घर जुन्या वळणाचंच दिसावं लागतं, त्यामुळे मातीच्या रंगाखाली बऱ्याचदा दुसरंच काहीतरी असतं, एवढंच तुम्ही म्हणालात. झालं. आई दिसेल त्या भिंतीवर टकटक करायला लागली. आमच्या हॉटेलची भिंत वाजवून तिने स्वागतकक्षातल्या मुलासमोर मराठीत निकाल दिला: "पोकळ."

राज्यपालांच्या सुमारे 1610च्या वाड्यापाशी, त्या लांबलचक ओसरीखाली, मी घाईघाईने चांदीचे झुमके बघत होते. तुम्ही आईला शेजारी उभं करून सांगत होतात की इथे बसणारे लोक प्वेब्लो, नावाहो वगैरे इथल्या मूळनिवासी समाजांतले आहेत, स्वतःच्या किंवा घरच्यांच्या हातचंच विकायचं हा नियम आहे, आणि बसायची जागा रोज सकाळी चिठ्ठ्या टाकून ठरते. मग प्वेब्लो लोकांनी स्पॅनिश राजवटीविरुद्ध केलेलं 1680चं बंड. पोपे नावाच्या पुढाऱ्याने गावोगाव धावपटूंच्या हाती गाठी मारलेल्या दोऱ्या धाडल्या. रोज एक गाठ सोडायची, गाठी संपल्या की उठायचं. स्पॅनिश लोकांना पळावं लागलं, ते 1692पर्यंत परतले नाहीत, आणि मधली बारा वर्षं याच वाड्यात प्वेब्लो लोक राहिले. आईला तारखांशी देणंघेणं नव्हतं. तिने विचारलं, "दोरी वाटेत पकडली गेली तर?" तुम्ही म्हणालात, पकडली गेलीच, दोघे धावपटू सापडले, म्हणून ठरल्या दिवसाआधीच उठाव करावा लागला. आई खूश. माझे झुमके राहिले ते राहिलेच.

खाण्याचं मात्र तुम्ही नसतात तर आमचं अवघड होतं. हिरव्या मिरचीच्या रश्श्यात बहुतेकदा डुकराचं मांस असतं, पोसोले या मक्याच्या रश्श्यात तर असतंच, आणि साध्या दिसणाऱ्या राजम्यातही चरबी असू शकते, हे आम्हाला कोण सांगणार? तुम्ही आईला दुधी भोपळ्याच्या भावकीतली, मका आणि मिरची घातलेली 'कालाबासितास' खायला लावलीत, वर मध घालून फुगलेली सोपापिया. "पुरीच आहे, चौकोनी," असं म्हणत तिने तीन खाल्ल्या. वेटरने "रेड ऑर ग्रीन?" विचारलं तेव्हा हा या राज्याचा अधिकृत प्रश्न आहे हे तुम्ही सांगितलंत आणि आईच्या वतीने "ख्रिसमस" म्हणालात, म्हणजे दोन्ही.

शनिवारी शेतकरी बाजारात गेलो. सप्टेंबरचा शेवट, जाळीच्या पिंपात हिरव्या मिरच्या ज्वाळेवर गरगर फिरत होत्या, सालं काळी पडून उडत होती. तो वास आला आणि आई थांबली. आमच्याकडे भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, सोबत मिरच्या. तो जाळ, तो खकाणा. तुम्ही तिला सांगितलंत की मिरची मुळात याच खंडातली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. आईने हे साफ नाकारलं. अजूनही नाकारते. "मिरचीशिवाय खान्देशात लोक काय खात होते मग?" तुम्ही वाद घातला नाहीत, पाच पौंड भाजलेली मिरची घेतलीत आणि संध्याकाळी दोघींनी मिळून तुमच्या ओट्यावर ठेचा कुटलात.

बँडेलियरच्या जुन्या प्वेब्लो वस्तीत मी एकटी चार शिड्या चढून 140 फुटांवरच्या कपारीत गेले, कारण तुम्ही खाली आईपाशी थांबलात. खाली उतरले तर दोघी त्या ज्वालामुखीच्या राखेच्या मऊ खडकातल्या खोल्यांसमोर बसून अजिंठ्याचा दगड किती कठीण यावर बोलत होतात. चित्रकार जॉर्जिया ओकीफच्या संग्रहालयातले माझे दोन तासही तुमच्याच हिशेबातले. लोरेटो चॅपेलचा तो गोल जिना पाहायचा राहिला. तुम्ही खोडलेल्या नवांतला तो एक. त्याबद्दल अजून थोडी कुरकुर आहे.

आई आता गावी पोहोचली. परवा मामाकडे जाऊन तिने भिंतीवर टकटक केली म्हणे. आणि तुमच्यासाठी निरोप आहे: गिलाव्याची माती निदान आठवडाभर भिजू द्या, रोज तुडवा, काड बोटभर लांबीचं घाला, आणि भिंतीला हात लावण्याआधी तिला व्हिडिओवर दाखवा.

तुमची,
यावलकरणीची लेक