गेटवर माणूस हवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या टिळकवाडी भागात आमचे 36 फ्लॅटचे अपार्टमेंट आहे. गेल्या मार्गशीर्ष पौर्णिमेला तिसऱ्या मजल्यावरचे कुटुंब सौंदत्तीच्या यात्रेला गेले होते. भर दुपारी त्यांच्या दाराचा कोयंडा तोडून चोरी झाली. त्या वेळी गेटवर कोणीच नव्हते. वॉचमनमामांना मीच माझ्या गोळ्या आणायला औषधाच्या दुकानात पाठवले होते. हे मी पोलिसांना सांगितले, रहिवाशांच्या बैठकीत सांगितले आणि आज आपल्या दैनिकातून सांगते आहे. कारण त्या दिवशी मी पाठवले नसते, तर दुसऱ्या कोणीतरी पाठवलेच असते.

मामा बांधकामाच्या वेळेपासून इथे आहेत. बिल्डरने सिमेंट-सळ्या राखायला ठेवलेला माणूस इमारत उभी राहिल्यावर तसाच वॉचमन झाला. पहाटे पंप चालू करायचा, टाकी भरली की बंद करायचा, गाड्या पुसायच्या, लिफ्ट बंद असली की सिलिंडर वर न्यायचा, कुंड्यांना पाणी घालायचे, कोणाचे दूध, कोणाचे दळण. यात गेटवर बसायला वेळ कुठला? रात्री खुर्चीत त्यांचा डोळा लागतो म्हणून तक्रारी होतात. पहाटे पाचपासून राबणारा माणूस रात्री दोन वाजता जागा कसा राहील, हे तक्रार करणाऱ्यांनी मला सांगावे.

चोरीनंतर सगळे कॅमेऱ्यांकडे धावले. आठ कॅमेरे आहेत. त्यातल्या दोघांवर कोळ्यांची जाळी होती, एकाची वायर पावसाळ्यातच गेलेली. रेकॉर्डरचे घड्याळ पाऊण तास मागे होते, त्यामुळे कोणती वेळ कुठली हेच जुळेना. रेकॉर्डर इन्व्हर्टरला जोडलेला नाही. त्या दुपारी वीज गेली तेव्हा तोही बंद पडला होता. आता काही जण म्हणतात, आणखी आठ कॅमेरे बसवू. आहेत त्यांच्याकडे महिन्यातून एकदाही कोणी बघत नसेल, तर सोळा बसवून काय होणार?

याहून वाईट वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. त्या घरी धुणी-भांडी करायला येळ्ळूरहून एक बाई येत असे. पहिला संशय तिच्यावर गेला. चौकशी झाली, काही निघाले नाही. पण लिफ्टमध्ये तिच्यासमोर बायका पर्स छातीशी धरू लागल्या. आठवडाभरात तिने काम सोडले. इमारतीत कोण आले, कोण गेले याची धड नोंद नसली की गरिबावर बोट ठेवणे सोपे जाते. गेटवर नीट लिहिलेली वही असती, तर त्या दुपारी ती आलीच नव्हती हे पहिल्या तासात सिद्ध झाले असते.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, गेटवरच्या माणसाला गेटचेच काम असावे. आठवड्याचे तास होतात 168. आठ तासांची पाळी आणि एक सुट्टी धरली तर एक माणूस 48 तास भरतो. म्हणजे गेट कधीही रिकामे राहू द्यायचे नसेल, तर साडेतीन माणसे लागतात. आमच्याकडे आहेत एकटे मामा. तीन पाळ्यांना तीन प्रशिक्षित माणसे आणि सुट्टीच्या दिवशी बदली माणूस ठेवला, तर वाढणारा खर्च 36 घरांत वाटून प्रत्येकाला साधारण दुधाच्या महिन्याच्या बिलाइतका येईल. मामांना काढावे असे मी अजिबात म्हणत नाही. पंप, बाग, साफसफाई हे पूर्ण वेळेचे काम आहे, ते त्यांच्याकडे राहावे आणि त्याचा पगार वेगळा मिळावा.

माणसे घ्यायची ती परवानाधारक एजन्सीकडूनच घ्यावीत. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी 2005 चा केंद्रीय कायदा आहे. त्यात एजन्सीला परवाना सक्तीचा आहे, रक्षकाच्या चारित्र्याची पडताळणी आणि प्रशिक्षण सक्तीचे आहे, आणि वयाची 65 वर्षे झालेल्याला रक्षक म्हणून ठेवता येत नाही. केंद्राच्या आदर्श नियमांत 100 तास वर्गातले व 60 तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितले आहे. गणवेश आणि शिट्टी दिली की रक्षक झाला, असा समज सगळीकडे आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते. याच कायद्यात माजी सैनिक, पोलीस, होमगार्ड यांना प्राधान्य देण्याची मुभा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावात आहे. आसपासच्या कितीतरी गावांत फौजेतून निवृत्त झालेली, अजून ताठ चालणारी माणसे घरी बसून आहेत. बेळगावात चांगला राखणदार मिळत नाही, हे मला तरी पटत नाही.

आता बिल्डरविषयी. मागच्या कंपाउंडची भिंत करारात पूर्ण उंचीची आहे, प्रत्यक्षात ती कमरेपर्यंतच आहे. लहान मूलसुद्धा उडी मारून आत येईल. चोर तिथूनच आले असावेत, असे आम्हा सगळ्यांना वाटते. रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवसायावर नियमन ठेवणाऱ्या केंद्रीय कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत अशी उणीव दाखवून दिली, तर बिल्डरने ती 30 दिवसांत विनामूल्य दूर करायची असते. आम्हाला ताबा मिळून चार वर्षे होऊन गेली. हातात थोडेच महिने उरलेत आणि अजून आमच्या असोसिएशनची नोंदणीच झालेली नाही. तोंडी मागणी चार वेळा झाली, लेखी एकदाही नाही. पत्र आधी द्यायला हवे, तेही पोच घेऊन.

पोलिसांकडेही एक विनंती. रात्रीच्या गस्तीवर येणाऱ्या पोलिसांनी आमच्यासारख्या इमारतींच्या गेटवरच्या वहीत सही करावी. रक्षकही जागा राहील आणि रहिवाशांनाही धीर येईल. आणीबाणीचा 112 क्रमांक आणि ठाण्याचा फोन प्रत्येक मजल्यावर कन्नड व मराठी दोन्हींत लावायचे काम आम्ही करू. आमच्याकडे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची सात घरे आहेत, मुले पुण्याला नाहीतर बंगळूरला. रात्री दार वाजले की कोणाला फोन करायचा, हे त्यांना चष्मा न शोधता दिसले पाहिजे.

येत्या रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये बैठक आहे. मागच्या बैठकीला 36 पैकी नऊ घरांतून माणसे आली होती. ज्यांनी फ्लॅट भाड्याने दिले आहेत त्या मालकांनी निदान फोनवरून संमती कळवावी. भाडेकरूंनीही यावे, चोर भाडेकरूचे घर वगळत नाही. असोसिएशनची नोंदणी, बिल्डरला पत्र आणि तीन पाळ्यांचा खर्च, हे तीन विषय ठरले आहेत. त्याआधी चौथा मी मांडणार आहे. येळ्ळूरच्या त्या बाईंची आपण सगळ्यांनी माफी मागावी आणि त्यांना परत कामावर बोलवावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
टिळकवाडी, बेळगाव