कॅमेऱ्याची दुसरी बॉडी माझ्या गळ्यात अडकवणाऱ्या फोटोग्राफर काकांस

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांदेखत लिहितेय, कारण समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, आधी ती बॅटरी चार्जिंगला लाव" म्हणून विषय बदलता. इथे ते जमायचं नाही.

स्नेहसंमेलनात माझं खरं काम पाहुण्यांना खुर्च्या दाखवायचं. फोटोग्राफरला काय हवं-नको ते बघायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मला तुमच्याकडे पिटाळलं. दुसरं कुणी असतं तर मी संध्याकाळभर ट्रायपॉड धरून उभी राहिले असते. तुम्ही मात्र रंगीत तालमीला मला पहिल्या रांगेत बसवलंत, हातात काही न देता, आणि म्हणालात, "नाच बघ. कुठे थांबतात ते लक्षात ठेव." मला वाटलं, काका आपल्याला कटवतायत.

नाचणारे थांबतात कुठे? पण बघत राहिल्यावर दिसायला लागलं. उडीच्या टोकाला शरीर निमिषभर ना वर जातं, ना खाली येतं. गिरकी समेवर येताना आधी नजर पोचते, मग खांदे, ओढणी सगळ्यांत शेवटी. त्यामुळे प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या दिवशी तुम्ही तुमची दुसरी बॉडी 50 मिमीच्या लेन्ससकट माझ्या गळ्यात अडकवलीत, तेव्हा निम्मं काम आधीच झालेलं होतं. बटण दाबायचं ते टोकाच्या किंचित आधी. दिसल्यावर दाबलं तर क्षण हातचा गेलेला असतो. आणि टोकाला हालचाल कमी, म्हणून 1/250 सेकंदाचा शटरवेगसुद्धा पुरतो. 1/1000 च्या हट्टापायी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, चढवून फोटोत दाणे आणायची गरज नाही. हे सगळं तुम्ही दोन नाचांच्या मधल्या वेळात, विंगेत उभं राहून, कुजबुजत शिकवलंत.

मी झूम लेन्स मागितली तर म्हणालात, "पाय आहेत ना?" तेव्हा राग आला होता. नंतर वाचलं की थोर फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसों यांनी आयुष्यातलं बहुतेक काम याच 50 मिमीवर केलंय, मग राग गिळला. (थोडा अजून आहे. बाल्कनीतून झूमच लागते.)

रंगमंचाचा काळा पडदा कॅमेऱ्याला फसवतो, हे मला तोवर कुठे ठाऊक होतं! एवढा अंधार बघून तो बिचारा सगळंच उजळायला जातो आणि स्पॉटखालचा चेहरा खडूसारखा पांढरा पडतो. तुम्ही उजेड चेहऱ्यावरून मोजायला लावलंत. पडदा काळा आहे, काळाच राहू दे. मग निवेदिकेच्या फोटोवर आडवे पट्टे आले आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण कॅमेरा तुमचा. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "तिथे एलईडी आहे. 1/100 वर ये." पट्टे गायब! 50 हर्ट्झच्या विजेवर असे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात, डोळ्यांना ते कळत नाही, शटरला कळतं. नाचावर वरून जुने हॅलोजन होते. त्यांची तार तापलेलीच राहते, म्हणून तिथे हा त्रास नव्हता.

पण मला आभार मानायचेत ते त्यानंतरच्या वेळाचे. मांडव रिकामा झाला, खुर्च्या रचल्या जात होत्या आणि तुम्ही लॅपटॉप उघडून माझे फोटो बघायला बसलात. तुमचे स्वतःचे शेकड्यांनी पडले होते. मला जे फोटो भारी वाटत होते, ते तुम्ही एकामागून एक बाजूला काढलेत: "हा छान आहे, पण यात पोशाखच छान आहे." "हा तर प्रकाशयोजना करणाऱ्याचा." लागलं मनाला. मग एका फोटोवर थांबलात. एकांकिका चालू असताना विंगेतला प्रॉम्प्टर, संहितेची सुरळी मुठीत, स्टेजवरचा उजेड फक्त एका गालावर, आणि ओठ नटाच्या वाक्याबरोबर हलणारे. फोकस थोडा ढिला होता. तुम्ही विचारलंत, "हा काढायला कुणी सांगितलं?" कुणीच नाही, म्हटलं. "मग हा ठेव."

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने तो फोटो मागून घेतला. संमेलनाच्या बाकी फोटोंत तो कुठेच नव्हता. मला फोटोग्राफीचं वेड लागलं ते तेव्हा, कॅमेरा हातात आला तेव्हा नव्हे.

लोक म्हणतात, कॅमेरा महत्त्वाचा नसतो. असं म्हणणाऱ्यांकडे बहुधा चांगला कॅमेरा असतो. तुमचं पोट ज्याच्यावर चालतं ते यंत्र तुम्ही आदल्या दिवशी ओळख झालेल्या मुलीकडे दिलंत, पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळून घे एवढंच बजावून. घरी सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना.

सध्या मी जुनी, वापरलेली एक बॉडी घेतलीय. लेन्स अर्थातच 50 मिमी. यंदाच्या संमेलनात फोटोंची जबाबदारी माझ्यावर आहे आणि हाताखाली एक नवा स्वयंसेवक दिलाय. त्याला तालमीला नुसतं बसवलं, तर तोही माझ्यासारखाच तोंड पाडून बसला. तुम्हाला सवड असेल तर रंगीत तालमीला या. तुमची जागा पहिल्या रांगेत धरून ठेवते. येताना दुसरी बॉडी आणू नका, आमच्याकडे आहे. फक्त वरच्या दिव्यांकडे एकदा बघून द्या, या वर्षी सगळे एलईडी बसवलेत.

तुमची,
ट्रायपॉडवाली